जुना पेपर वर

टाचणी श्रीमंतच्या ओठांत होती. नव्या केसपेपरवरचं नाव वाचता वाचता ओठ मिटले आणि टोक जिभेत घुसलं. रक्ताची खारट चव आली, तरी त्यानं टाचणी काढली नाही. महारुद्र शिवलिंग कोरे, राहणार नळदुर्ग, तक्रार पोटदुखी. पेपर आणून देणारी मालनबाई आया दारातच उभी होती, पदरानं मानेवरचा घाम पुसत. "जुना पेपर काढा म्हणलेत डॉक्टर," ती म्हणाली, "आन् जरा बिगीनं. त्येनी बाकड्यावर आडवं पडलेत, बाई रडायलीय." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "वळखलं न्हवं? आपलंच जुनं डॉक्टर. ज्येनी ह्यो वॉर्ड मांडला त्येच. आपुन मांडलेल्या चुलीवर आपुनच शिजायची पाळी आली बघा, श्रीमंतदादा." श्रीमंतनं नुसती मान हलवली. तोंडात टाचणी असली की बोलावं लागत नाही, एवढा एक फायदा त्या कामात होता.

ती खोली पूर्वी सहकारी संघाचं धान्याचं गोदाम होती. दुष्काळात तिथं अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी थप्पीला लागलेली असायची. दुष्काळ सरल्यावर संघाच्या ट्रस्टनं गोदाम आपल्या दवाखान्याला जोडून घेतलं, पोत्यांच्या जागी लोखंडी रॅक आले आणि रॅकमध्ये माणसांचे कागद. पण उन्हाळा तापला की फरशीच्या फटींतून मिलोचा कुबट वास अजून वर यायचा. त्या वासात श्रीमंत बनसोडे दिवसभर बसायचा. त्याचं काम लोकांना सांगून कळत नसे. भाऊबंद विचारायचे, तू दवाखान्यात करतूस तरी काय? तो म्हणायचा, आजाराला नंबर देतो. पेशंट बरा होऊन गेला किंवा मेला, की त्याचा पेपर श्रीमंतच्या टेबलावर यायचा. डॉक्टरनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं वाचायचं, परदेशातून आलेल्या जाड पुस्तकात तो आजार शोधायचा आणि त्याच्यापुढचा नंबर पेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं टाकायचा. महिना संपला की नंबरांची बेरीज पुण्याला आरोग्य खात्याकडं पाठवायची. माणूस इथंच राहायचा, नंबर पुण्याला जायचा. हगवणीला नंबर होता, क्षयाला होता, विंचवालासुद्धा होता. पण या दवाखान्याचं नाव होतं ते मागच्या वॉर्डासाठी. तिथं दारुडे आणि डोक्यानं फिरलेले ठेवत. लातूर-गुलबर्ग्यापासून माणसं आणून टाकत. जळकोटचा नागप्पा ड्रायव्हर तर वर्षाला एकदोनदा हटकून यायचा आणि बरा होऊन जाताना खिडकीत तोंड घालायचा. "क्लार्कसाहेब, औंदा कितवा नंबर पडला मला?" "तीनशे तीन." "आयला! ही तर पोलिसाची बंदूक की ओ. बायकूला सांगतो, जपून ऱ्हा गं, घरात थ्री नॉट थ्री आलीय." वॉर्ड हसायचा. श्रीमंतही हसायचा. म्हणजे त्याची बायको चांगुणा होती तेव्हा हसायचा.

जुना पेपर काढायचा हा नियम महारुद्र डॉक्टरांचाच. दारुडे खोटं बोलतात. एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्या खेपेला निराळं गाव सांगतो, पोट दुखतंय म्हणून लोळतो आणि झोपेचं इंजेक्शन मागतो. म्हणून पेशंट पुन्हा आला की त्याचा जुना पेपर हुडकायचा आणि नव्या पेपरच्या वर टाचायचा. खाली नाही, वर. पेपर हातात पडला की डॉक्टरला आधी लाल नंबर दिसला पाहिजे, मग माणूस. "बनसोडे, ही सगळी सोंगाडी जमात आहे," डॉक्टर म्हणाले होते. "माणसाचं ऐकत बसायचं नाही. नंबर बघायचा." त्या वेळी त्यांच्या बोलण्याला धार होती आणि श्रीमंतला ती आवडायची. मोठ्या शहरात शिकलेला माणूस, दुष्काळी मुलखात येऊन राहिलेला, पांढरा शर्ट, डावीकडं पाडलेला भांग. श्रीमंतनंही काही दिवस डावीकडं भांग पाडून बघितला होता. चांगुणा म्हणाली होती, "डॉक्टर झालाव व्हय? मग आधी माझी नाडी बघा." त्यानं तिचं मनगट धरलं, खोटंखोटं घड्याळात बघितलं आणि म्हणाला, लई जोरात पळायलीय. ती म्हणाली, "पळंना का. तुमच्यामागं न्हाय पळत." तो भांग त्यानं पुन्हा उजवीकडं कधी आणला ते त्याला आठवत नव्हतं. आठवत होतं ते मनगट. बारीक, हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्यांच्याखाली खडी फोडताना उठलेला चरा.

तो रॅककडं गेला. क आद्याक्षराचा कप्पा खिडकीजवळ होता. हात सरळ गेला, शोधावं लागलं नाही. मागच्या दिवाळीतला हा पेपर तो अधूनमधून नुसता काढून बघत असे, जसं दुसरा कुणी फोटो काढून बघतो. मागच्या दिवाळीत महारुद्र डॉक्टरांना चादरीत गुंडाळून जीपमधून आणलं होतं. नळदुर्गला स्वतःचा दवाखाना काढल्यापासून ते पीत होते, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. ढाबेवाले त्यांची बाटली वेगळी ठेवायचे. वॉर्डात ते चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले होते. मुंग्या नव्हत्या. हात असे थरथरत होते की मालनबाईनं त्यांना भरवलं. श्रीमंत मुद्दाम दोनदा वॉर्डातून चालत गेला होता. त्यांनी त्याला ओळखलं नाही, उलट म्हणाले, मुंग्या घ्या हो, तुमच्याकडं पण गेल्या. ते घरी गेल्यावर पेपर टेबलावर आला, तेव्हा श्रीमंतनं हात साबणानं धुतले, टाकाचं निब बदललं आणि कोपऱ्यात सावकाश लिहिलं, दोनशे एक्क्याण्णव पॉइंट शून्य. दारूनं लागलेलं वेड. एवढं घोटीव अक्षर त्यानं आयुष्यात दोनच पेपरांवर काढलं होतं.

दुसरा पेपर ब च्या कप्प्यात होता. तिकडं तो आज गेला नाही. जायची गरज नव्हती. दुष्काळाच्या उन्हाळ्यात श्रीमंतचा पगार कधी यायचा, कधी राहायचा, आणि चांगुणा अणदूरच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर जायची. पोरीला बाभळीला झोळी बांधून ठेवायची. मुकादमानं शिट्टी फुंकली की बायका सरकारी वाटपाची सुकडी घ्यायला पळायच्या. एका दिवशी चांगुणा सुकडी घेऊन परत आली तेव्हा पोर झोळीत तोंड उघडं टाकून पडली होती, हगवणीनं सुकून चिपाड झालेली. शिट्टी फुंकेपर्यंत जिवंत होती, असं चांगुणा पुढं कितीतरी वेळा सांगायची. शिट्टी फुंकेपर्यंत व्हती. त्यानंतर कुठंही शिट्टी वाजली, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं वाजवली, पोरांनी वाजवली, की तिची दातखीळ बसायची, हाताची बोटं आत वळायची, अंग धनुष्यासारखं ताठायचं. श्रीमंतनं तिला मागच्या वॉर्डात आणलं. महारुद्र डॉक्टरांनी तिची पापणी उलटून बघितली, नाकाशी उग्र वासाचा बोळा धरला आणि पेपरवर हिस्टेरिया असं लिहिलं. तो पेपर श्रीमंतच्या टेबलावर आला. त्यानंच नंबर टाकला. टाकायचं कामच त्याचं होतं. बायकोचा पेपर म्हणून अक्षर नीट काढलं, तीनशे पॉइंट एक. घरी जाऊन तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "नंबर दिलाव, आता पगार बी लावा." आणि थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "पोरगी गेली त्याचा हाय का हो त्या पुस्तकात नंबर?" त्यानं म्हटलं, हगवणीचा आहे. "हगवणीचा नगं. पोरगी गेल्याचा." तसा नव्हता. त्यानं दुसऱ्या दिवशी खरोखर पुस्तक चाळून बघितलं होतं.

ती बरी झाली होती, हे कुणी लक्षात घेत नाही. पाऊसपाणी झालं, तसं तिचं ताठणं कमी होत गेलं. शिट्टी वाजली तर नुसती कानावर हात ठेवायची. नळावर बायका तिला वेडी म्हणायच्या तेव्हा ती घागर कमरेवर घेऊन म्हणायची, "व्हय बया, सर जरा बाजूला, वेडीचा हात लागंल." ती पुन्हा पोटुशी राहील असं दोघांना वाटत होतं. मग पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती कण्हणारी बाई नव्हती. पोरगी झाली तेव्हा तिनं ओठ चावून रक्त काढलं होतं पण आवाज काढला नव्हता, आणि त्या दुपारी ती गुडघे पोटाशी घेऊन जनावरासारखी ओरडली. त्यानं तिला सायकलच्या कॅरेजवर बसवून दवाखान्यात आणलं. आणि नवा पेपर झाला. आणि जुना पेपर वर टाचला गेला. त्या वेळी हे सगळं एवढं सहज होतं, भाकरीवर कोरड्यास वाढावं इतकं सहज. डॉक्टर खुर्चीत बसले होते. त्यांनी पेपर बघितला, चष्म्याच्या वरून लांबूनच तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मालन, हिला डिस्टिल्ड वॉटर दे." नुसतं पाणी. सोंग करणाऱ्यांना देतात ते, टोचताना आग होते म्हणून देतात ते. श्रीमंत पुढं झाला. त्याचा तळहात अजून तिच्या पोटाच्या आठवणीनं दचकलेला होता. "साहेब, पोट फळीवानी लागतंय. एकदा हात लावून बघा." डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, कामात असलेला माणूस हसतो तसं हसले. "बनसोडे, नंबर तूच टाकलायस ना? मग?" श्रीमंत मागं सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा गेली. शेवटी ती ओरडत नव्हती, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि ती छताकडं बघत होती. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदयक्रिया बंद. त्यालाही एक नंबर होता.

डॉक्टरांनी तिला हात का लावला नाही, यावर त्यानं खूप विचार केला होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण कोण ते त्यांना ठाऊक होतं म्हणून. त्याचा बाप नागपूरला जाऊन बुद्धाचा होऊन आला होता, त्यानं घरातले देव आडात टाकले होते. पण हात मागं घेणारी माणसं काही आडात टाकता आली नव्हती. ती कुठं कुठं भेटायची. आता कपबशी वेगळी ठेवत नव्हती, नुसती चहा विचारायचं विसरत होती. म्हणून त्यानं पुढं कितीतरी दिवस खिडकीतून पाळत ठेवली. डॉक्टर बौद्धवाड्यातल्या माणसांची नाडी धरत होते, पोरांच्या जिभा बघत होते, म्हातारीची जखम स्वतः धूत होते. तेव्हा त्याला कळलं की कारण ते नसेल. आणि कारण ते नसेल हे कळल्यावर त्याला बरं वाटायच्या ऐवजी राग जास्त आला. ते कारण असतं तर तो राग चार माणसांत सांगता आला असता, मोर्चात नेता आला असता. हा राग एका टाचणीएवढा होता. कुणाला दाखवायचा? त्याच महिन्यात डॉक्टर दवाखाना सोडून नळदुर्गला गेले आणि राग श्रीमंतकडंच राहिला, घरात माणूस राहावा तसा. तो त्याच्याबरोबर जेवायचा. सकाळी त्याच्याआधी उठायचा.

"सापडला का न्हाय?" मालनबाईनं दारातून विचारलं. श्रीमंतनं ओठांतली टाचणी काढली. नवा पेपर खाली, जुना वर. दोनशे एक्क्याण्णव पॉइंट शून्य वर. टाचणी दोन्ही कागदांतून घालून परत वर काढली आणि पेपर तिच्या हातात दिला. त्यानं काहीच केलं नव्हतं. नियमाप्रमाणं केलं होतं. हेच तर सुख होतं, की काही करावं लागलं नाही.

मग तो खिडकीतून बघत राहिला. हात त्यानं टेबलावर ठेवला होता आणि हात शांत होता. समोर ओपीडीच्या वऱ्हांड्यात बाकडं दिसत होतं, बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला पांढरा शर्ट दिसत होता, उशाला त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दिसत होत्या. व्यंकट डॉक्टर नवे, होळीनंतर आलेले, मनानं चांगले, पण वॉर्ड भरलेला. त्यांनी पेपर हातात घेतला, वरच्या कोपऱ्यात बघितलं, तोंड वाकडं केलं. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ऐकायची गरज नव्हती. मालनबाई इंजेक्शन घेऊन आली. श्रीमंतच्या छातीत काहीतरी सावकाश पसरायला लागलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरत जावं तसं. तो नंबर काम करत होता. त्यानं घोटून घोटून लिहिलेला नंबर एका माणसाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा करत होता. माणूस तिथं पडला होता, ओरडत होता, आणि कुणाला दिसत नव्हता. चांगुणाला असंच दिसेनासं केलं होतं. बघ, तो मनात म्हणाला. नेमकं कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बघ म्हणावं.

दुपारी वॉर्डातलं ओरडणं इथपर्यंत यायला लागलं. मालनबाई पाण्याची घागर घेऊन जाताना थांबली. "लई वरडायलंय. इंजेक्शन दिलं तरी. व्यंकट डॉक्टर म्हणले, वरडू द्या, दारू मागायलंय. नागप्पा शेजारच्या खाटंवर हाय, त्यो काय म्हणतोय म्हाईताय का? म्हणतोय, डॉक्टर, तुमी तर आमच्यावर रायफल रोखायचात, आता बंदुकीचं दस्तं तुमच्याच पोटात घुसलं का?" ती हसली, मग हसू मध्येच गिळलं. "पर दादा, एक सांगू का. तोंडाला वास न्हाय हो त्येंच्या." श्रीमंत पुस्तकात बघत राहिला. तोंडाला वास नाही. म्हणजे दारू नाही. तेही तंतोतंत जुळत होतं. चांगुणाचीसुद्धा त्या दिवशी दातखीळ बसली नव्हती. त्यानं तसं सांगितलंही होतं. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी झाली. त्याला वाटलं, आता उठावं आणि एकदा वॉर्डात जाऊन त्या माणसाच्या पोटाला हात लावावा. वाचवायला नव्हे, नुसतं बघायला, की तेच आहे का. तळहाताला ओळख पटेल. मग त्यानं तळहात मांडीखाली दाबून धरला.

सत्यभामाबाई खिडकीशी कधी आल्या ते त्याला कळलं नाही. इरकली लुगडं, कपाळाचं कुंकू घामानं नाकावर उतरलेलं. पूर्वी डॉक्टर इथं होते तेव्हा त्या दिवाळीचा फराळ पाठवायच्या, क्लार्कांसाठी वेगळं ताट, त्यात श्रीमंतचं ताट कधी वेगळं नव्हतं, एवढं त्याला आठवलं आणि ते आठवल्याचा त्याला राग आला. "श्रीमंतभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही जुने आहात इथले. जरा त्या डॉक्टरांना सांगा हो. संक्रांतीपासून त्यांनी एक थेंब घेतलेला नाही. माझ्या लेकराची शपथ. कुणी ऐकायला तयार नाही, कागद दाखवतात. ते तिकडं पांढरे पडायलेत." श्रीमंत म्हणाला, "डॉक्टरांला कळतं बाई." हे वाक्य त्यानं अनेक वर्षं जपून ठेवलं होतं, बोलायला मिळेल असं वाटलं नव्हतं.  बाईंनी खिडकीच्या गजाला धरलं. त्यांनी आवाज खाली घेतला, कुणी वाईट गोष्ट सांगावी तसा, आणि म्हणाल्या, "मी हात लावून बघितला भाऊ. पोट फळीसारखं लागतंय."

गजावरची बोटं श्रीमंतला दिसत होती. वाक्य कुणाचं होतं? त्याचं होतं. तो ते एकदाच बोलला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं म्हणून ते इतकी वर्षं या गोदामात मिलोच्या वासाबरोबर फिरत होतं, आणि आता या बाईच्या तोंडात शिरून परत त्याच्याचकडं आलं होतं. आणि तो कुठं बसला होता? खुर्चीत. तो खुर्चीत बसला होता आणि समोरची व्यक्ती उभी होती. त्याला त्या वेळी दया आली असं कुणाला वाटेल. दया आली नव्हती. त्याला एकदम स्पष्ट दिसलं, की हा माणूस आता संध्याकाळपर्यंत मरेल, पेपरवर हृदयक्रिया बंद असं लिहिलं जाईल, आणि आपण का मेलो हे त्याला कधीच कळणार नाही. तो चांगुणासारखाच छताकडं बघत जाईल. मेलेल्या माणसाला काय सांगणार? आडात भांडं टाकायचं आणि दोर पण टाकून द्यायचा, तसलं ते झालं. नाही. एवढ्या स्वस्तात नाही. त्याला जगवलं पाहिजे. जगून त्यानं ऐकलं पाहिजे.

तो उठला तेव्हा खुर्ची मागं पडली. वऱ्हांडा ओलांडून तो वॉर्डात गेला, टेबलावरचा पेपर उचलला, टाचणी ओढून काढली आणि जुना पेपर घडी न घालता शर्टाच्या आत सरकवला. नुसता नवा पेपर त्यानं व्यंकट डॉक्टरांच्या समोर ठेवला. "साहेब, चूक झाली. जुना दुसऱ्या कुणाचा व्हता, नावाला नाव लागलं. ह्यो पेशंट पहिल्यांदाच आलाय. पोटदुखीचा हाय." व्यंकट डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं, कोऱ्या कोपऱ्याकडं बघितलं. "अहो, मग सकाळपासून—" एवढं म्हणून ते उठले. उठले. श्रीमंत तिथंच उभा राहिला. त्याला बघायचं होतं. डॉक्टर खाटेजवळ गेले, शर्ट वर केला आणि तळहात पोटावर ठेवला. किती सोपं होतं ते. एवढंच होतं. हात उचलायचा आणि ठेवायचा. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "जीप काढा. सोलापूर. आत्ताच्या आत्ता." नागप्पा खाटेवरून टुणकन उतरला. "जीपचा ड्रायव्हर जेवायला गेलाय. म्या हाणतो की. हात कापत्यात खरं, पण ष्टिअरिंग धरलं की ऱ्हात्यात." आणि खरंच, बत्तीस भानगडी झाल्या, पण जीप नळदुर्गच्या घाटात नीट चढली, असं पुढं नागप्पा सगळ्यांना सांगत होता. श्रीमंत त्या दिवशी घरी गेला तेव्हा शर्टाच्या आत तो कागद घामानं छातीला चिकटला होता. त्यानं तो सोलून काढला, वाळवला आणि सकाळी क च्या कप्प्यात परत ठेवला. लाल शाई थोडी पसरली होती. वाचता येत होती.

पोळा होऊन गेल्यावर महारुद्र डॉक्टर आले. चालत आले. अंगावरचा पांढरा शर्ट दुसऱ्याचा असावा इतका सैल झाला होता, भांग मात्र डावीकडं. खिडकीत न थांबता आत आले आणि स्टुलावर बसले. श्रीमंतनं तोंडातली टाचणी काढून टेबलावर ठेवली. "श्रीमंतराव," ते म्हणाले. राव कधी नव्हतं लागलं. "जठराला भोक पडलं होतं. आणखी तासभर गेला असता तर संपलो होतो. सत्यभामा सांगते, तुम्ही वाचवलंत."

"म्या कागद काढला. हात व्यंकट डॉक्टरनी लावला."

"तेच." त्यांनी स्टूल जरा पुढं ओढलं. "व्यंकट सोडून चाललाय. चेअरमन नानासाहेब म्हणतात, वॉर्ड पुन्हा मी सांभाळावा. सोमवारी बैठक आहे. पण माझ्या दारूचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. ते म्हणाले, तुमचा पेपर घेऊन या, कमिटीला दाखवायला लागतो. आता तुम्हाला माहीत आहे, काय आहे त्याच्यावर." त्यांनी रॅककडं बघितलं. "तो कागद एकदा काढलात. आणखी एकदा काढा. कायमचा."

"जुना पेपर वर," श्रीमंत म्हणाला. "नियम तुमचाच हाय, साहेब."

"अहो, मी सोडलीय. खरंच सोडलीय."

"सोंगाडे असंच म्हणत्यात. तुम्हीच शिकवलं व्हतं. माणसाचं ऐकायचं न्हाय."

महारुद्र डॉक्टरांनी स्टूल मागं सारलं. मग त्यांचं राव गळून पडलं. "बनसोडे, तू माझ्यावर कसला डूख धरलायस? मी तुझं काय वाईट केलंय?"

हा प्रश्न येणार हे श्रीमंतला ठाऊक होतं. या प्रश्नासाठी तर त्यानं त्यांना सोलापूरला जाऊ दिलं होतं. तो उत्तर रोज म्हणून बघायचा, सायकलवर, आंघोळ करताना, चुलीपुढं. आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून समोरचा माणूस खाली बसायचा. तो म्हणाला, "चांगुणा."

"कोण चांगुणा?"

"माझी बायकू. दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात. हितंच आणली व्हती, सायकलवरनं. तुम्ही खुर्चीत बसला व्हता." डॉक्टर प्रामाणिकपणे आठवत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ओठ हलत होते, चांगुणा, चांगुणा. "किती पेशंट बघितले रे तेव्हा," ते म्हणाले. "दुष्काळात तर लाइनच होती. खरंच आठवत नाही. खोटं कशाला बोलू." कोरड्या आडात खडा टाकावा आणि कान देऊन बसावं, तसं झालं. आवाजच आला नाही. श्रीमंतला वाटलं, हसावं. इतकी वर्षं ज्या माणसाला मनात घेऊन जेवलो, झोपलो, त्या माणसाच्या मनात आपण कधी गेलोच नव्हतो. मिलोचा वास नाकात दाटला. त्याचा आवाज एकदम सपाट झाला, पुण्याला बेरीज पाठवताना वाचून दाखवायचा तसा.

"तीनशे पॉइंट एक."

महारुद्र डॉक्टरांचे डोळे हलले. त्यात ओळख आली, लगेच आली, गावातला माणूस बाजारात दिसावा तशी. "हां. हिस्टेरिया. शिट्टीनं दातखीळ बसायची ती. हिरव्या बांगड्या. नंतर पुन्हा आली होती, पोट—" ते बोलायचे थांबले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, सावकाश, आपलाच नसल्यासारखा, आणि सैल शर्टावरून पोटावर गेला, जिथं सोलापूरच्या टाक्यांचा वण होता तिथं. तळहात दाबून तिथंच राहिला. "पोट दुखतंय म्हणत होती," ते म्हणाले.

"व्हय."

"तू काहीतरी म्हणाला होतास. पोट..."

"फळीवानी."

बाहेर वऱ्हांड्यात मालनबाई कुणाला तरी रागावत होती.  महारुद्र डॉक्टरांचा चेहरा त्या दिवशी बाकड्यावर होता तसा होत गेला, पण आता दुखत काहीच नव्हतं. श्रीमंत उठला, क च्या कप्प्यातून कागद काढला, घाम लागून लाल शाई पसरलेला, आणि सोलापूरहून दवाखान्याला आलेला ऑपरेशनचा कागद खाली घेऊन त्यानं तो वर धरला. कडा जुळवल्या. टाचणी दोन्ही कागदांतून घातली आणि परत वर काढली. मग तो पेपर त्यानं टेबलावरून पुढं केला. "घ्या. चेअरमनसाहेबांला तुमच्याच हातानं द्या."

पेपर घ्यायला त्यांना पोटावरचा हात काढावा लागणार होता. श्रीमंत पेपर धरून उभा राहिला. त्याला घाई नव्हती.